बोला, मनोहरराव!

माणूस जातो, पण त्याचं नाव मागे राहतं, असं भावोजींच्या शोकसभेत एकूण एक वक्त्यानं सांगितलं. सभा बदलापुरात, त्यांच्याच सोसायटीच्या आवारात होती. शेवटच्या वक्त्यानं तर "मनोहररावांचं नाव या परिसरात दुमदुमत राहील" असं म्हणून टेबलावर हात आपटला, तेव्हा माईकनंही शिट्टी वाजवून दुजोरा दिला. मी मागच्या रांगेत, खिशातला फोन मुठीत धरून बसलो होतो. अशा वाक्यांवर माझा विश्वास नाही. पोटापाण्यासाठी मी छापखान्यात प्रूफं तपासली. त्यात स्मरणिका आणि गौरवग्रंथ इतके असत, की 'अजरामर' हा शब्द दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पण या वेळी वक्ते म्हणत होते ते शब्दशः खरं होतं, आणि ते कसं, याची त्यांच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती.

मनोहर केशव देवरुखकर हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर होते, आणि निवृत्तीनंतर बाकी सगळं होते. सोसायटीचे अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे सल्लागार, कुळगावातल्या कुठल्याही हळदीकुंकवाच्या मंडपात खुर्ची मांडून बसलेले एकमेव पुरुष. पाण्याची नवी मोटार बसवली तरी ते फीत कापत. बारवी धरण भरलं की दोन मित्रांना गाडीत घालून नेत आणि लांबूनच, जिथवर जाऊ देतात तिथून, नारळ फोडून येत. तसं करायला त्यांना कुणीही सांगितलेलं नसे. मी चेष्टा करायचो. "शरद, तुझ्यात रसच नाही रे," ते म्हणायचे, "तू माणूस नाहीस, शुद्धलेखन आहेस."

ते गेले त्या सकाळी ताईचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी... मग ती म्हणाली, "शरू, तू ये." मी काय झालं ते विचारलं नाही. अंबरनाथहून बदलापूर म्हणजे काही लांब नाही, पण त्या दिवशी रिक्षातून उतरताना मला रस्ता आठवत नव्हता. भावोजी पलंगावर होते. आंघोळीला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर असतो तसा टॉवेल होता, आणि चेहऱ्यावर, भाषण सुरू करण्याआधी खाकरताना यायचा तो भाव. भाची मुग्धा आदल्या दिवशीच माहेरी मुक्कामाला आली होती, म्हणून ताई निदान एकटी नव्हती.

लोकांना कळवायला हवं होतं. भावोजींच्या फोनमध्ये अख्खं बदलापूर भरलेलं होतं. पण त्यांच्याच फोनवरून त्यांच्या जाण्याची बातमी द्यायची, हे बरं दिसेना. पलीकडच्या माणसाला त्यांचं नाव दिसणार, तो हसत उचलणार... नकोच. एवढं तारतम्य आम्ही दोघांनी पाळलं. मुग्धानं त्यांच्या फोनमधून नंबर वाचायचे आणि मी माझ्या फोनवरून लावायचे, असं ठरलं.

पहिला फोन कारखान्यातले जुने सहकारी सावंत यांना.

"बोला, मनोहरराव!" पलीकडून दणदणीत आवाज आला. "सकाळी सकाळी कुणाचं उद्घाटन?"

मला वाटलं, म्हातारा माणूस, नंबर बघण्यात घोटाळा झाला असेल. मी म्हटलं, "मी त्यांचा मेहुणा बोलतोय. भावोजी गेले."

"ओ, फिरकी घेता काय? त्यांना द्या फोन."

"सावंतसाहेब... द्यायला ते नाहीत."

दुसरा फोन कुळगावातल्या एका नातलग बाईंना. त्या म्हणाल्या, "अगंबाई, भावोजी, आवाज बसलाय का तुमचा? हळद घालून दूध घ्या." तिसरा उल्हासनगरच्या दुकानदाराला. तो म्हणाला, "बोलो बडे साईं, हुकूम." तेव्हा मी मुग्धाकडे पाहिलं आणि मुग्धानं माझ्याकडे. फोन कुणाचा आहे ते समोरच्याच्या पडद्यावर दाखवायची सोय हल्ली आली आहे. त्यानं नंबर सेव्ह केलेला नसेल, तर सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव झळकतं. माझा नंबर यांच्यापैकी कुणाकडे असण्याचं कारण नव्हतं. आणि माझं सिम पहिल्या दिवसापासून भावोजींच्या नावावर होतं.

त्याची गोष्ट अशी. मोबाइल नवा होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्या काळातली. मी तेव्हा विठ्ठलवाडीला एका चाळीत भाड्यानं राहायचो. घरमालक भाडं वेळेवर घ्यायचा, पण मी तिथे राहतो असं लिहून मात्र देत नसे, रेशनकार्ड गावी. म्हणजे मी होतो, पण कागदोपत्री कुठेच नव्हतो. भावोजी मला उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले, स्वतःसाठी फोन घ्यायला. मी सोबत हवा होतो, कारण समारंभाला प्रेक्षक लागतो. दुकानदार सिंधी, तोंडाचा गोड. "कडक पीस है साईं, दीवार पे मारो तो दीवार टूटेगी." भावोजींनी फोन तळहातावर तोलून पाहिला आणि फॉर्म भरणाऱ्याला बजावलं, "हमारा नाम पूरा लिखने का. मनोहर केशव देवरुखकर. शॉर्ट में नहीं लिखने का." मग माझ्याकडे वळून, जणू आइस्क्रीम विचारावं तसं विचारलं, "तुला?" मी म्हटलं, माझ्याकडे पत्त्याचा कागद नाही. "मग माझ्या नावावर घे. माझं नाव काय हलकं आहे का?" दुकानदार म्हणाला, "एक नाम पे दो नंबर हो जाएगा, साईं. अपना ही तो आदमी है." अपना ही तो आदमी... मी बाहेरच्या गर्दीकडे पाहत राहिलो. तोवर मला या भागात असं कुणी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर भावोजींनी फोनची पूजा केली. पाटावर रुमाल, रुमालावर फोन, त्याला झेंडूचा हार, आणि वर हळदकुंकू. कुंकू पाचाच्या बटणात गेलं. ते बटण पुढे कायमचं अडकायला लागलं, आणि ज्यांच्या नंबरात पाच होता त्यांच्याशी भावोजींचे संबंध जरा कमी झाले. त्या वेळी बदलापुरात घरात रेंज यायची नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर यायची. म्हणून उद्घाटनाचा फोन तिथून झाला. कुणाला करायचा यावर बराच खल झाला, आणि शेवटी तो खालच्या मजल्यावर, घरच्या लँडलाइनला, ताईला करायचा असं ठरलं. भावोजींनी छाती पुढे काढली. "हॅलो, मी मनोहर केशव देवरुखकर बोलतोय." फोनमधून आणि खालच्या खिडकीतून, असा दोन्हीकडून ताईचा आवाज ऐकू आला, "माहितीये. खाली या, भजी गार होतायत."

ती सवय मात्र त्यांनी सोडली नाही. फोन चामड्याच्या पाऊचमध्ये, पाऊच पट्ट्याला, आणि कारखाना सुटला की अंबरनाथहून रोज घरी एक फोन. "मी मनोहर केशव देवरुखकर बोलतोय." लग्नाच्या बायकोला. ताई दरवेळी म्हणायची, "कोण देवरुखकर?" आणि दरवेळी ते संपूर्ण नाव पुन्हा सांगायचे. मला हा बाष्कळपणा वाटायचा. आता वाटतं, आपलं नाव रोज दोनदा सांगावं आणि ते ऐकणाऱ्यानं दोन्ही वेळा हसावं, याहून जास्त कुठला गौरवग्रंथ देत असेल?

पुढे आमचा छापखाना बंद पडला. घरी बसलो होतो त्या दिवसांत दुपारी, जेवायच्या सुमाराला, फोन वाजायचा. "मी मनोहर केशव देवरुखकर बोलतोय."

"बोला, भावोजी."

"काही नाही. लाईन तपासत होतो. माझ्या नावाचा नंबर आहे, चालू आहे की नाही बघायला नको?"

जेवलास का, काम मिळालं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त लाईन तपासली. रोज. मला दुसऱ्या छापखान्यात काम लागलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लाईन तपासणं बंद झालं. पुढे अंबरनाथला माझं स्वतःचं घर झालं, कागद झाले. सिम माझ्या नावावर करून घेतो म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला. "का रे, माझं नाव टोचतं का तुला?" मग तो विषय मी पुन्हा काढला नाही.

तर त्या सकाळी... पुढचे फोन थांबवता येण्यासारखे नव्हते. मुग्धा म्हणाली, "मामा, माझ्या फोनवरून लावू या का?" पण तिच्या फोनवर नातलगांचे फोन सुरू झाले होते, आणि ते घेताघेता ती रडत होती. मीच लावत राहिलो. वॉर्डातले पुढारी, टाइल्सवाला, मंगल कार्यालयाचा मॅनेजर, प्लंबर. ज्या नावानं लोकांना आयुष्यभर फक्त आमंत्रणं आली, त्या नावानं मी त्यांना बोलावत होतो. फोन उचलला की आधी तो आनंद ऐकून घ्यायचा, "बोला, मनोहरराव!" आणि मग तो विझवायचा. काहींनी माझं ऐकून फोन तसाच कट केला. ही कसली थट्टा, असं त्यांना वाटलं असावं. पुढे तेराव्यासाठी, आणि शोकसभेसाठी, पुन्हा तेच सगळं. इतक्या माणसांना इतका आनंद होतो हे आधी माहीत असतं, तर मी त्यांची चेष्टा जरा कमी केली असती... कदाचित.

सगळं आटोपल्यावर मुग्धा म्हणाली, बाबांच्या नावावरचे नंबर आता बंद करावे लागतील. तुमचा आधी तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर तोही जाईल. मी अंबरनाथच्या मोबाइल गॅलरीत गेलो. काउंटरवरची मुलगी नम्र होती. "कस्टमर स्वतः आले ना सर, तर लगेच होईल."

"ते येऊ शकत नाहीत."

"मग त्यांना एक व्हिडिओ कॉल करता का?"

मी कारण सांगितल्यावर ती ओशाळली. वारसाची सही लागते म्हणाली आणि एक कागद दिला. वारस म्हणजे ताई. तो कागद घेऊन मी बदलापूरला गेलो. ताईनं चहा केला, कागद वाचला, घडी घालून फ्रिजवर ठेवला. म्हणाली, "चष्मा मिळत नाहीये." चष्मा तिच्या डोक्यावर होता. पुढच्या खेपेला पेन चालत नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला ती म्हणाली, "घाई कसली आहे तुला? तुझं काय अडलंय?" माझं खरंच काही अडलं नव्हतं, ताईचं काय अडलंय ते कळत नव्हतं.

ते मुग्धानं सांगितलं. ताईच्या फोनवर काहीतरी शोधताना तिच्या लक्षात आलं. "मामा, आईच्या फोनमध्ये तुमचा नंबरच सेव्ह नाहीये. होता. तिनं काढून टाकलाय."

मी आधी दुखावलो. मग समजलं. सेव्ह असताना मी फोन केला की तिला 'शरू' दिसायचं. आता मी संध्याकाळी चौकशीला फोन करतो तेव्हा, कारखाना सुटायच्या सुमाराला, तिच्या पडद्यावर पूर्ण नाव येतं. शॉर्टमध्ये नाही.

तो कागद मी फ्रिजवरून काढून आणला. ताईनं पाहिलं. कंपनी करेल तेव्हा करेल बंद. तोवर मी रोज संध्याकाळी तिला फोन करतो. ती लगेच उचलत नाही. थोडा वेळ तसाच वाजू देते. का, ते मी विचारत नाही. उचलल्यावर म्हणते, "बोल." मी म्हणतो, "काही नाही. लाईन तपासत होतो."

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो. भावोजींचं ते चामड्याचं पाऊच दाराजवळच्या खिळ्याला अजून आहे. त्यात आता गच्चीची किल्ली असते. ताईचा फोन कुठे सापडेना, म्हणून तिनं मला रिंग द्यायला सांगितलं. रिंग दिली. सोफ्याच्या उशीखाली आवाज आला. ताईनं फोन बाहेर काढला आणि पाहत राहिली. पडद्यावर त्यांचं नाव होतं, पण अख्खा पडदा लालभडक झाला होता.

"हे लाल का रे झालं?"

मी वाचलं. वाचण्याची सवय आहे.

"भावोजींना लाल दिव्याची गाडी हवी होती ना," मी म्हटलं. "मोठ्या माणसांचं लाल येतं हल्ली."

"हो का?" ताई म्हणाली. तिनं फोन कट केला नाही, उचललाही नाही. वाजायचा थांबेपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला. मनोहर केशव देवरुखकर. त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, की हा नको असलेला कॉल असण्याची शक्यता आहे, आणि एकोणीस जणांनी तशी तक्रार केलेली आहे.