नोव्हेंबरातलं रामेश्वर

विठ्ठलराव सरांनी घाटनांदूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर ते दरवर्षी गावकऱ्यांची सहल काढायचे. दोन वर्षांपूर्वी रामेश्वर ठरलं. बैठकीत सरांनी तारीख सांगितली, "दिवाळी झाली की निघू. पाऊस संपलेला असतो."

बायकांत सावित्रीबाई बसली होती. तिची मुलगी करिष्मा, सरांचीच विद्यार्थिनी, उठली. "सर, तामिळनाडूत खरा पाऊस तवाच असतो. श्रावणात जाऊ. तिकडं उघाड असते, अन् आईलाबी येता येईल. दिवाळीनंतर आमी ऊसतोडीला जातो."

"आता कोयतेवाल्यांनी मला पाऊस शिकवायचा का?" सर म्हणाले.

बैठक हसली. सावित्रीबाई लेकीचा हात धरून उठून गेली.

नोव्हेंबरात बस निघाली. मदुराई सोडल्यावर पाऊस लागला तो थांबेना. रामेश्वरात तीन दिवस चाळीस माणसं लॉजमध्ये कोंडली. सहलीतल्या मुक्ताबाई तापानं फणफणल्या, दर्शनाविनाच परतल्या.

"तुमी काय करणार सर, देवाची मर्जी," परतताना बसमधला तानाजी म्हणाला.

सरांनी नुसती मान हलवली. परतीचे वारे बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन तामिळनाडूवर ओततात, हे त्यांनीच वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. पाऊस लागला त्या पहिल्याच दिवशी त्यांना ते आठवलं होतं. तरी देवावर ढकललेलं त्यांनी तसंच राहू दिलं. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत राहिली.

गावी आल्यावर नंबर मिळवून त्यांनी फोन लावला. करिष्मा उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या कोपीवर होती.

"चुकलो पोरी. तू बरोबर होतीस."

"मी कुठली सर, तुमीच शिकवलं होतं की." आवाजात टोमणा नव्हता. मग ती म्हणाली, "तुमचं बोलणं मला न्हाई लागलं. आईला लई लागलं."

उन्हाळ्यात मायलेकी परतल्या. सर घरी गेले, हात जोडले. सावित्रीबाईनं चहा ठेवला. "समुद्र कसा असतो सर?"

"बघायलाच मिळाला नाही."

"मग श्रावणात दावा. पण तारीख कामून बदलली, ते लोकांम्होरं सांगा."

पुढच्या बैठकीत सरांनी सांगितलं. चारच वाक्यं, तीही अडखळत. या खेपेला कुणी हसलं नाही. तानाजी तर जमिनीकडं बघत राहिला.

श्रावणात सावित्रीबाई बसच्या खिडकीशी बसून रामेश्वरला गेली. सर सगळा प्रवास ड्रायव्हरशेजारी बसून राहिले. मागं वळून तिच्याकडं बघायचं धाडस त्यांना काही झालं नाही.