मीटर तुम्ही वाचा

अभिमन्यू हल्ली मीटर स्वतः वाचत नाही. समोरच्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "तुमी वाचा." आठ दिवस झाले, ही एवढीशी गोष्ट माझ्या मनातून हलत नाही. भाकरी थापताना तीच, आणि आता रात्रीचा दीड वाजलाय तरी तीच. त्याचे वडील झोपलेत, तोही झोपलाय. मी उठून लिहायला बसले.

अभिमन्यू माझा मुलगा, वय सव्वीस. आम्ही गेवराईत राहतो. आयटीआय करून तो मोठ्या यंत्रांच्या वायरिंगचं काम करतो. पोकलेन, डंपर, ऊसतोडणीचं मशीन, कुठं काही अडलं की फोन येतो आणि हा मोटारसायकलला पिशवी अडकवून निघतो. बहुतेक तक्रार एकच असते: सकाळी मशीन उठत नाही, बॅटरी उतरते. आणि बहुतेक वेळा बॅटरीचा काही गुन्हा नसतो, असं तो म्हणतो. व्होल्ट मोजायचा मीटर त्यानं माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला असतो. बॅटरीला हात लावण्याआधी हातातलं कडं काढतो, कारण लोखंड दोन टोकांना टेकलं तर हात भाजतो. आधी ऑपरेटरशी गप्पा मारतो. हॉर्न वाजवल्यावर दिवे मंद होतात का, सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होतं का. डॉक्टर आजीबाईंना विचारतात तसं, घाई न करता. घरात मात्र याच्या तोंडून दोन वाक्यं काढायला मला तासभर लागतो.

गेल्या गुरुवारी आम्ही दोघं नारायणगडाला दर्शनाला गेलो होतो. परत येताना तलवाड्याच्या विजयसिंहांचा फोन आला. विजयसिंहांची मोठी शेती आहे, गावात शब्दाला वजन आहे, आणि शेततळी खोदायला त्यांनी पोकलेन घेतलेला आहे. मशीन तीन दिवस उभं होतं. अभिमन्यू म्हणाला, "आई, धा मिनिटं." त्याची दहा मिनिटं मला ठाऊक आहेत, पण मी कधी त्याचं काम पाहिलं नव्हतं. गेले.

शेततळ्याच्या काठावर भर दुपारच्या उन्हात मशीन उभं होतं. विजयसिंहांनी मला बाभळीखाली खुर्ची दिली. ऑपरेटर सटवा, पन्नाशीचा माणूस, तोंड पाडून बसला होता. त्याच्या मते मशीनला नजर लागली होती. दिवाळीत दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, मग सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी मोटारही उघडून घेतली, तरी सकाळी तेच टकटक.

"कावून व्हतंय कळंना," सटवा म्हणाला. "आवस एकबी चुकली न्हाई माझी. दर आवसंला नारळ फोडतो."

"देवाला नारळ अन् मला बिल," विजयसिंह म्हणाले.

अभिमन्यू हसला. कडं काढून माझ्या पर्समध्ये टाकलं, मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या टोकांना लावल्या आणि मीटर माझ्यापुढं धरला. "आई, तू वाच." पंचवीस पॉइंट दोन. मशीनला चोवीस लागतात, म्हणजे बॅटऱ्या ठणठणीत. विजयसिंह म्हणाले, मग झालं काय? अभिमन्यू म्हणाला, बसल्या जागी सगळेच ठणठणीत असतात मालक, ओझं दिल्यावर बघू. सटवाला सेल्फ मारायला लावलं आणि मारता मारता मोजलं. मीटर आता विजयसिंहांच्या हातात. बॅटरीवर तेवीस. सेल्फपाशी अठरा.

"तेवीस निघाले, अठरा पोचले. मधले पाच कुणी खाल्ले?" अभिमन्यू म्हणाला.

मग त्यानं एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकाला आणि दुसरी मशीनच्या सांगाड्याला लावली. पुन्हा सेल्फ. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, आला चार. बॅटरीपासून सांगाड्याला जी विणलेल्या तारांची जाड पट्टी बोल्टनं आवळलेली असते, तिच्यापाशी तो वाकला. त्या बोल्टवर हळदीकुंकवाचा बोटभर थर होता. बॅटरीच्या पेटीशेजारचा हा लोखंडी कोपरा हाताला सोपा, म्हणून सटवा दर अमावास्येला तिथंच नारळ फोडत होता. दीड वर्षाचं नारळाचं पाणी त्या पट्टीत मुरलं होतं. थर खरवडला तर खाली हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखं, आणि पट्टीच्या निम्म्या तारा गळून गेलेल्या.

सटवा पार खाली बसला. विजयसिंह काही बोलणार, तेवढ्यात अभिमन्यूनंच सटवाला हात धरून उठवलं. "मामा, देव सगळीकडं हाय. पुढच्या आवसंला खोदायच्या बकेटावर फोडा. तिथं लागलं तरी मशीनला काय व्हत न्हाई."

विजयसिंहांना घाई होती. जूनपर्यंत तळ्यांची कामं होती. तारा आवळून द्या, पट्टीचं पावसाळ्यात बघू, म्हणाले. अभिमन्यू त्यांच्याशी कधी वाद घालत नाही, पण त्या दिवशी सरळ बोलला: "मालक, आज बदलली तर नुसती पट्टी जाईल. जूनमदी बदलली तर सेल्फबी जाईल."

पट्टी बदलली. मशीन एका हाकेत उठलं. सटवानं माझ्याच पाया पडायला सुरुवात केली. विजयसिंह मला म्हणाले, "ताई, असा मिस्त्री बघितला न्हाई. आकडा स्वतः सांगत न्हाई, आपल्यालाच वाचाया लावतो. फसवाफसवीचा प्रश्नच न्हाई." मला केवढा अभिमान वाटला. मोटारसायकलवर मागं बसून मी गेवराईपर्यंत तेच आठवत होते. आणि गाव जवळ येता येता मनात आलं, की हे तो पूर्वी करत नव्हता. पूर्वी तो घरी सांगायचा, मी वाचलं, मला दिसलं.

दिवाळीच्या आधी एका खडी क्रशरवर बॅटरी चार्जिंगला असताना पान्याची ठिणगी पडली आणि बॅटरी फुटली. तेजाब दोन्ही डोळ्यांत उडालं, डाव्यात जास्त. पाण्याच्या जारनं डोळे धुतले आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पंधरा दिवस थेंब टाकले. मग म्हणाला, बरं झालं. मी मानलं. घरात तो चांगला वावरत होता, पेपर वाचत होता.

आज संध्याकाळी तो जेवायला बसला होता. लहानपणी मी भाकरी करताना तो मागून येऊन माझे डोळे झाकायचा. आज मी मागून गेले आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

"कॅलेंडरवर काय आहे सांग."

"फेब्रुवारी," तो हसत म्हणाला.

"ते माहितीच आहे तुला. खाली जाहिरात कसली आहे?"

त्याचा घास हातातच राहिला.

"आई, हात काढ."

मग हळूहळू सांगितलं. डाव्यानं धुक्यावाणी पांढरं दिसतं. उजव्यानं घरात चालतं, ओळखीच्या रस्त्यावर गाडीही, पण उन्हात पाणी येतं आणि मीटरचे आकडे विरघळतात. तारांचे रंग तो आता हातानं, जागेवरून ओळखतो. चोवीस व्होल्टच्या मशीनवर, हातानं.

"कुणाला बोलू नको," म्हणाला. "मिस्त्रीला दिसत न्हाई म्हणल्यावर कोण बोलवंल मला? कामाचे दिवस हायत. जून लागू दे, मग दाखवू."

त्याचा चेहरा बघून मी "बरं" म्हणाले. तो लगेच झोपला, लहानपणी झोपायचा तसा, कबूल करून घेतलं की निवांत.

माझी कॉलेजची मैत्रीण सुनिता संभाजीनगरला डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. या आठवड्यात तिची रात्रपाळी आहे, म्हणजे ती जागी असेल. ती विचारेल किती महिने झाले, आणि मला चार म्हणावं लागेल, आणि ती मला रागावेल. रागावू दे. उद्याची वेळ मिळाली तर सकाळच्या गाडीनं जाऊ. तो उठल्यावर चिडेल, आई, शब्द दिलता म्हणेल. मी त्याला जूनचं उत्तर त्याच्याच शब्दांत देईन, विजयसिंहांना दिलेलं.

नंबर काढून ठेवलाय. लेखणी खाली ठेवते आणि फोन लावते.