तायडे सर आणि वरवटचा नकाशा

प्रा. सुखदेवराव तायडे यांना मी प्रथम पाहिले ते खामगावच्या आमच्या तंत्रविद्यालयातील संगणकखोलीत, जमिनीवर मांडी घालून बसलेले. महाराष्ट्र राज्य अजून कोवळे होते आणि आमच्या भागात संगणक बहुतेकांनी फक्त ऐकलेला होता. मी प्रयोगसहायक म्हणून रुजू व्हायला आले होते. सरांच्या पुढ्यात छापील कागद लांबवर पसरला होता. वर न पाहताच ते म्हणाले, "बाई, चपला बाहेर काढा अन् बसा इथं. या यंत्राले धूळ सोसत नाही."

सर रोहिणखेडचे, एका बौद्ध शेतमजूर कुटुंबातले. मुंबईतल्या मोठ्या संस्थेतली जागा सोडून ते इकडे आले होते. कारण विचारले की म्हणत, "तिथं यंत्रं हायेत अन् मानसंही हायेत. इथं नुसतं यंत्रच आलं."

त्या यंत्राला जोडण्यासाठी एक प्लॉटर मिळाला होता, म्हणजे पेनाने कागदावर नकाशे काढणारे उपकरण. त्याची स्वतःची थोडी स्मृती, म्हणजे माहिती ठेवण्याची जागा, होती, पण आमच्या संगणकाला ती वापरता येत नव्हती. संगणकातल्या सगळ्या कार्यक्रमांवर, म्हणजे प्रोग्रॅमांवर, देखरेख करणारा एक गाभ्याचा कार्यक्रम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाहेरच्या उपकरणातली स्मृतीही त्यानेच सांभाळायची. तिचा कोणता भाग कोणाला द्यायचा, कधी परत घ्यायचा, हे त्याने ठरवायचे आणि एकाच्या जागेत दुसऱ्याला शिरू द्यायचे नाही. कर्नलचा हा भाग सरांनी एकट्याने लिहिला. पहिला नकाशा निघाला तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. कोणाचाही हात लागत नव्हता, आणि पूर्णा नदी वळणे घेत कागदावर उतरत होती.

पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी पुष्कळ ठिकाणी खारे. गोडे पाणी कुठे लागेल याची पाहणी चालू होती आणि तिचे नकाशे आम्ही काढून देत होतो. वरवट बकालच्या नकाशावरून गावाने नव्या विहिरीची जागा धरली, खोदकामही सुरू केले. अशातच पाहणीचे अधिकारी आले. विहिरीची जागा ज्यात होती तो नकाशाचा खालचा अर्धा भाग त्यांच्या टिपणांशी मुळीच जुळत नव्हता.

"आकडे कोणी भरले?" त्यांनी विचारले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. माझी नोकरी अजून पक्की नव्हती.

"खुलासा मंग पाहू," सर म्हणाले. "आधी आकडे वाचू."

आम्ही एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे बरोबर होते. मग सरांनी स्वतः लिहिलेला कार्यक्रम माझ्यापुढे ठेवला. "आता माहं तपासा. भीड धरू नका."

दोन दिवस मी तो वाचत होते. तिसऱ्या दिवशी निघालेले नकाशे शेजारी शेजारी लावले, तेव्हा वरवटच्या नकाशाचा खालचा भाग लगेच नंतर काढलेल्या दुसऱ्या गावाच्या नकाशासारखा दिसला. भीत भीत मी तसे सांगितले. सरांनी आपला कार्यक्रम पुन्हा वाचला आणि उलगडा झाला. वरवटचा कार्यक्रम आपला नकाशा प्लॉटरच्या स्मृतीत ठेवून संपला होता. तो संपताच कर्नलने ती जागा परत घेऊन पुढच्या गावाला दिली. पेन मात्र अजून वरवटच काढत होते.

"बाई, कार्यक्रम संपला एवढंच म्या पाह्यलं," सर म्हणाले. "उपकरनाचं काम झालं का, हे इचारलंच नाही."

ते तडक प्राचार्यांकडे गेले. "चूक माझी, शोध बाईंचा. असंच लिहून ठेवा." आणि मला घेऊन एस.टी.ने वरवटला निघाले.

खड्डा दोन पुरुष खोल गेला होता. सरपंचांनी विचारले, "मास्तर, यंत्र बी चुकते काय?"

"यंत्र नाही चुकलं भाऊ. त्याले सांगनारा म्या चुकलो. खोदनं थांबवा."

माती वाहणारी एक बाई टोपले खाली ठेवून म्हणाली, "मंग पह्यलेच काऊन नाही सांगतलं?"

सरांनी तिला हात जोडले. "आज समजलं माय, आजच आलो."

सरांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि खड्डा बुजवायला फावडे हाती घेतले. एवढा विद्वान माणूस मातीत उभा होता, आणि इतका मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढे कर्नल बदलला. कार्यक्रमाने सोडली आणि उपकरणानेही सोडली, तरच जागा मोकळी समजायची. नवा नकाशा गेला, नवी विहीर खोदली गेली. पाणी फार नव्हते, पण गोडे होते. सरपंचांनी कळशीभर पाणी विद्यालयात आणून दिले, तेव्हा पहिला पेला सरांनी माझ्या हाती ठेवला.

पुढे मी स्वतः शिकवू लागले. एका विद्यार्थ्याच्या चुकीवर मी चिडले असता सर दारातून म्हणाले, "बाई, त्याले रागावा, पन त्याचं ऐकून घेतल्यावर." त्यांच्या विद्येने मी आजही थक्क होते. मात्र त्यांच्यापुढे चूक कबूल करताना कोणाही विद्यार्थ्याला भीती वाटत नाही, याचे मला त्याहून अधिक नवल वाटते.

सर आज साठ वर्षांचे झाले. त्यांची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे जिना चढू देवोत आणि शंभरीच्या समारंभाला ते स्वतःच्या पायांनी येवोत. आमच्या हातून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, त्या ज्यांना न भिता सांगाव्यात ते सर आम्हाला हवे आहेत.