हात थांबेपर्यंत

टेबलावर काच होती, आणि काचेवर सुहासिनीचा तळहात.

कुसुमावतीनं तो हळूच खाली ओढला. काचेवर पाच बोटांचा ओलसर ठसा उमटलेला पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदराच्या टोकानं तिनं तो पुसून काढला. साडेचार वर्षांच्या पोरीनं एकदा आईकडे पाहिलं आणि पुन्हा हात उचलून काचेवर ठेवला. आईनं तो पुन्हा काढला.

"व्हॉट इज युवर नेम?" हेडमॅडमनी विचारलं. विचारताना मान खालीच. समोर वह्यांचा ढीग होता आणि उजव्या हातातलं लाल पेन त्यावर सरसर चाललं होतं.

सुहासिनी गप्प.

चौऱ्याहत्तर सालचा जून होता. सदर भागातल्या त्या शाळेचं नाव काहीही असो. इंग्रजी नर्सरी म्हटली की नागपुरात ती कॉन्व्हेंटच. गोळीबार चौकाकडच्या विणकरांच्या वस्तीतून तिथे आजवर एकही मूल गेलं नव्हतं. सुहासिनी जाणार होती, कारण तिचा बाप जागेश्वर माग सोडून रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर झाला होता आणि त्या डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आज या टेबलावर पोचली होती. महिनाभर जागेश्वरनं पोरीची तालीम घेतली होती. सहा प्रश्न, सहा उत्तरं. पोरीला ती अशी पाठ झाली होती, की जेवताना घास तोंडात असतानाही ती "माय नेम इज सुहासिनी" म्हणून मोकळी व्हायची.

आणि आज पडदा वर गेला, तर नटीच्या तोंडून शब्द फुटेना.

"व्हॉट इज धिस?" मॅडमनी डाव्या हातानं सफरचंदाचं चित्र वर धरलं. उजवा हात चालूच.

जागेश्वर घामानं भिजला. खुर्चीच्या कडेला सरकून, विंगेतल्या प्रॉम्प्टरसारखा तो पुटपुटला, "अॅ... अॅप..."

"तुम्ही सांगू नका."

काचेवर पुन्हा तो तळहात. कुसुमावतीनं तिसऱ्यांदा तो ओढला, आणि या खेपेला मनगटच आपल्या मुठीत धरून ठेवलं. सुहासिनीनं ओठ घट्ट मिटले. तिसरा प्रश्न आला, गेला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू येत होता.

"ऐकू येतं ना हिला?"

"येते जी मॅडम," कुसुमावती म्हणाली. "घरी तं हिचं तोंड बंद होत नाही."

"सगळे आईबाप हेच सांगतात." मॅडमनी फॉर्म पुढे ओढला आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं एक शब्द लिहिला. "डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आहे म्हणून नाही म्हणत नाही. मागच्या बाकावर बसवू. तशी तीन मुलं आहेत आमच्याकडे. वर्षभर बघू. शनिवारी बाराच्या आत फोटो लावून फॉर्म आणून द्या. बारानंतर मी जागा ठेवणार नाही."

जागेश्वरनं हात जोडले. "थँक्यू मॅडम."

सायकलच्या दांडीवर पोर, मागे कुसुमावती.

"काय लिहिलं जी त्याइनं?"

"स्लो."

"म्हंजे?"

जागेश्वरनं उगाचच घंटी वाजवली. समोर कोणी नव्हतं.

"मंद," तो म्हणाला.

घरी आले तेव्हा नत्थूजी, म्हणजे जागेश्वरचे वडील, मागावर बसले होते. लुगड्याची जरीची किनार चालली होती. ओळ संपवून ते थांबले. "झालं का गा नाव दाखल?"

"झालं, बापू," जागेश्वर म्हणाला आणि शर्ट खुंटीला टांगायला आत गेला.

कुसुमावतीला सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहवेना. ती उमरेडची, विणकराचीच लेक. सातवीपर्यंत शिकलेली. दिवसभर चाकावर कांड्यांना सूत भरायचं, स्वयंपाक करायचा, दुपारी नवऱ्याचा डबा रामदासपेठेत पोचवायचा. कोणाशी वाद म्हणून तिनं आजवर घातला नव्हता. पण त्या दुपारी तिनं एक भरलेली कांडी घेतली आणि सुहासिनीच्या पाठीमागे फरशीवर टाकली. पोरीनं झटकन वळून पाहिलं. मग कुसुमावती पार पलीकडच्या भिंतीशी गेली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "गूळ."

सुहासिनी धावत आली. "मले दे."

कान तर ठीक होते. मग ते लाल अक्षर खरं होतं की काय? तिनं गुळाचा खडा पोरीच्या हातावर ठेवला.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी जागेश्वर ड्युटीवर गेला. कुसुमावती कांड्या भरत बसली. सुहासिनी स्वयंपाकघरातून आली आणि आजोबांच्या मागाशी उभी राहिली. तिनं मागाच्या पुढच्या लाकडावर तळहात ठेवला आणि काही न बोलता थांबली. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. पोर उभीच.

कुसुमावतीच्या हातातलं चाक थांबलं.

विणणाऱ्याला चालू मागावर हाक मारायची नसते. नजर ढळली की धागा तुटतो, आणि जरीत तुटला तर अख्खी किनार वाया. म्हणून त्या घरात पोर चालायला लागलं, की पहिली शिस्त हीच लावत: लाकडावर हात ठेव, उभी राहा, आजोबाला हात दिसला आणि ओळ पुरी झाली की ते थांबतील, मग बोल. कुसुमावती ती माहेरी शिकली होती आणि तिनं ती लेकीला शिकवली होती. पण ती इतकी अंगवळणी पडली होती, की आपण काही शिकवलं आहे हेच ती विसरून गेली होती.

नत्थूजी थांबले. "बोल बाई."

"तुमचा चहा थंडा होऊन राहिला!"

ते उठून आत गेल्यावर कुसुमावतीनं पोरीला जवळ ओढलं. "काल शाळेत टेबलावर हात काहून ठेवला होता वं?"

"त्या बाई लिवून राहिल्या होत्या ना." एवढं साधं माईला कसं कळत नाही, असा तिचा चेहरा. "त्याइनं हात थांबवलाच नाही. अन् तू तं माहा हातच काढून टाकला."

एकदा नाही, तीनदा काढला होता.

त्या दुपारी डबा घेऊन निघताना तिनं पोरीला बरोबर घेतलं. दवाखान्याच्या मागच्या खिडकीशी तिनं जागेश्वरला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर सारखी आतल्या पडद्याकडे.

"हे कारण मॅडमले सांगू? हसतील त्या."

"नका सांगू. मी तिले त्या शाळेत टाकतच नाही. इथं दोन गल्ल्या सोडून इंदुताईची शाळा आहे, ते पाहून येते."

"ते शाळा आहे का वं? ओसरी आहे ते. चटईवर बसून गाणे म्हणतात पोट्टे. एक अक्षर इंग्रजी नाही." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "कुसुम, साहेबानं चिठ्ठी देली आहे. त्याइचा शब्द खाली पाडला तं उद्या कोणत्या तोंडानं उभा राहू इथं? माझ्यासारखे कंपाउंडर पन्नास भेटतात."

"अन् मागच्या बाकावर कोण बसन? तुम्ही का मी?"

आतून हाक आली. जागेश्वर डबा घेऊन पळाला.

इंदुताईंची शाळा म्हणजे खरंच एका बंगलीची ओसरी होती. शाळा सोमवारी उघडणार होती. साठीच्या इंदुताई एकट्याच चौरंगासमोर बसून खोक्यांना रंगीत कागद चिकटवत होत्या. कुंचला खळीत बुडवायचा, कागदावर फिरवायचा, कागद दाबायचा. हात क्षणभर रिकामा नाही.

वाटेत पोरीला सांगता आलं असतं, की बाईचा हात चालू असला तरी बोल. पाच मिनिटांचं काम होतं. पण ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि आता आपणही मध्ये पडायचं नाही असं तिनं ठरवलं. काल परीक्षा पोरीची झाली होती. आज शाळेची होती.

"ये गं, बैस. नाव काय तुझं?"

सुहासिनीनं चौरंगावर तळहात ठेवला आणि उभी राहिली.

कुंचला फिरत राहिला. एक खोकं झालं. "सांगणार नाहीस?" दुसरं खोकं पुढे आलं. इंदुताईंचा स्वर गोड होता, पण हात थांबत नव्हता. कुसुमावतीनं खालचा ओठ दातांखाली धरला. इथेही हेच झालं तर तिसरं दार तिला माहीत नव्हतं. उद्या बारा वाजता लाल शब्दाखाली पोरीचा फोटो चिकटणार, आणि उद्या जो शब्द चिकटेल तो पहिलीत जाईल, दुसरीत जाईल, पोर मोठी होईल तसा मोठा होईल.

"लाजते का हो?"

"नाही जी." एवढंच. पुढचे शब्द तिनं गिळले.

तिसरं खोकं. कुंचला खळीत बुडाला, वर आला. इंदुताईंची नजर पोरीच्या हातावर पडली, मग तोंडावर गेली, पुन्हा हातावर आली.

"मग ही वाट कशाची पाहते आहे?"

कुसुमावतीचे डोळे भरून आले. काल हेच कोणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा नाही.

"तुमचा हात थांबायची," ती म्हणाली, आणि मागाची सगळी हकीकत सांगून टाकली.

इंदुताईंनी कुंचला खाली ठेवला. बोटं पुसली. "अगं बाई! तीस वर्षं मुलांना सांगते आहे, हातातलं खाली ठेवा आणि मग बोला. मलाच कोणी सांगितलं नाही ते." त्या पोरीकडे वळल्या. "हं. ठेवलं बघ. आता बोल."

"माय नेम इज सुहासिनी!"

मागाच्या खडखडाटावरून बोलायची सवय, ओसरी दणाणली. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. पोर थांबायला तयार नाही. न विचारता सहाच्या सहा उत्तरं ओळीनं बाहेर आली, सफरचंद, गाय, नागपूर, सगळं. इंदुताई हसून हसून बेजार झाल्या.

"बाई गं, इंग्रजी शाळा नाही ही!" मग कुसुमावतीला त्या म्हणाल्या, "घेते मी हिला. एकच जागा उरली आहे, आणि उद्या सकाळी आणखी एक जण पाहायला येणार आहेत. त्याआधी वडिलांना घेऊन या. त्यांची सही लागेल."

संध्याकाळी जागेश्वर ऐकून घेत होता, पण हो म्हणत नव्हता. शनिवारी सकाळी त्यानं सायकल पुसली. खिशात फोटो आणि सदरचा फॉर्म.

"चाल. साडेनऊ झाले."

कुसुमावती दारातून हलली नाही. "मी सदरले येत नाही."

"मग साहेबाले काय सांगू मी?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगते."

जागेश्वर तिच्याकडे पाहत राहिला. ही बाई साहेबांची मोटार दिसली तरी पदर सावरून झाडामागे होणारी. आणि ती जाईल, हे त्याला तिच्या उभं राहण्यावरून कळलं.

"नको," तो म्हणाला. "मीच बोलतो."

दवाखान्यात पडद्याबाहेरच्या बाकावर कुसुमावती पोरीला मांडीवर घेऊन बसली. आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"साहेब, ते चिठ्ठी..."

"कोणती चिठ्ठी?"

"शाळेची जी. सदरच्या. तुम्ही देली होती."

"दिली असेल. मग? झालं का काम?"

"झालं साहेब. पण..." कुसुमावतीनं पोरीला इतकं घट्ट धरलं, की ती चुळबुळली. "पण आम्ही पोरीले दुसऱ्या शाळेत टाकून राहिलो."

"बरं. ती टिंक्चरची बाटली भर आधी. आणि पुढचा पेशंट पाठव."

बस्स. जागेश्वर बाहेर आला आणि बाकावर बसला. महिनाभर ज्या चिठ्ठीच्या ओझ्याखाली तो चालला होता, ती देणाऱ्याच्या ध्यानातही नव्हती. मग त्यानं जाऊन बाटली भरली, पेशंट आत पाठवला आणि अर्ध्या तासाची सुट्टी मागितली.

इंदुताईंच्या ओसरीवर त्यानं पेन हातात घेतलं आणि विचारलंच, "इंग्रजी कधीपासून जी?"

"माझ्याकडे नाहीच. सरकारी नियमानं पाचवीपासून."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. पाचवी! तोवर साहेबांची मुलं इंग्रजीत भांडत असतील. कुसुमावतीला ठाऊक होतं, हे नवऱ्यासाठी लहान नाही. माग सोडून तो ज्याच्यासाठी निघाला होता, ते सगळं त्या एका भाषेच्या पलीकडे होतं. खोक्यांत डोकं खुपसून बसलेल्या पोरीकडे त्यानं पाहिलं. एकदा, दोनदा. आणि सही केली.

"सोमवारी आठ वाजता," इंदुताई म्हणाल्या. "डबा पोळीचा द्या. बिस्किटं नकोत."

पायऱ्या उतरताना जागेश्वर एकदम थबकला. "अवं, बापूले तं मी कॉन्व्हेंट झालं म्हणून सांगून बसलो! त्याइनं अर्ध्या मोहल्ल्यात सांगितलं असन आतापर्यंत."

"ते तुमचं तुम्ही पाहा जी," कुसुमावती म्हणाली. "साहेबाले सांगून आले, आता बापाले सांगाले काहून भिता?"

तीन दिवसांत पहिल्यांदा जागेश्वर हसला. मग सायकलचं स्टँड काढता काढता, तिकडे पाहतच, तो म्हणाला, "तू राहशीन ना वं बाजूले?"