बैठकीतला समुद्र

माझं माहेर लोणारचं. वारा फिरला की तळ्याचा वास थेट आमच्या ओट्यावर यायचा, त्यामुळे पाण्याच्या घाण वासाची मला सवय होती. पण लग्नानंतर मलकापूरला, सासरच्या बैठकीत जो वास मी सोसला, त्यापुढे तळ्याचा वास काहीच नाही.

सासऱ्यांची कापसाची अडत. मुंबईत एका व्यापाऱ्याकडे त्यांनी काचेच्या पेटीत रंगीत मासे पाहिले आणि आपल्याकडे त्याहून भारी पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यातच नणंदेला पाहायला अकोल्याचे पाहुणे यायचे होते. रेल्वेनं पेटी आली, मासे आले, पोतंभर पोवळ्याचे, समुद्रातले भोकाभोकांचे दगड आले.

पहिल्या दिवशी पेटीत फक्त मासे आणि एक दगड होता. खिडकीतून तिरपं ऊन यायचं. मासा वळला की त्याच्या अंगावरून उजेड घसरायचा. मी आणि नणंद पाहतच राहिलो.

"वहिनी, असंच राहू द्या न," नणंद म्हणाली.

सासऱ्यांना ते ओकंबोकं वाटलं. "नुसतं पाणी पाहाले बोलावू काय लोकायले?" मग उरलेले दगड कोंबले, गुलाबी, हिरवे रंगवलेले. प्लास्टिकचं कमळ आलं, लाल बल्ब आला. पाणी निळं दिसावं म्हणून कपड्यांची नीळ टाकली. वर ओंजळीनं खडेमीठ.

"मामाजी, हे गोड्या पाण्यातले मासे, मिठानं मरतील," मी म्हटलं.

"समुद्र काय गोडा रायते? मले शिकवू नोको."

दोनतीन दिवसांत दगडांचा रंग सुटला, पाणी जांभळं झालं. दगडांच्या भोकांत जे जीव वाळले होते ते फुगून सडले. पाण्यावर सायीसारखा चिकट थर आला आणि त्यात मासे पोट वर करून तरंगू लागले. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते.

सासऱ्यांनी मला दोऱ्याचं रीळ आणून दिलं. मेलेले मासे बांधून झाकणाला टांगायचे, म्हणजे पोहतात असं वाटेल! मी बांधले. बोट लागलं तिथं कातडी सरकायची. मध्येच उठून मोरीत ओकून आले आणि पुन्हा बसले.

पाहुणे आले. बैठकीत उदबत्त्यांचा धूर कोंडला होता, तरी वास लपत नव्हता. मुलाची आई नाकाला पदर लावून म्हणाली, "लय सुंदर आहे हो. मासे किती शांत!" सासरे खुलले. लाल उजेडात एका माशाचं डोकं दोऱ्यात राहिलं आणि धड सुटून कमळावर पडलं. ते पाहून मुलगाही "वा" म्हणाला.

नणंदेनं पोह्यांची ताटली खाली ठेवली. "मेले आहेत ते. वहिनीनं ओकत ओकत बांधले."

पोहे तसेच ठेवून मंडळी उठली. स्थळ हातचं गेलं. सासरे दिवाळीपर्यंत लेकीशी बोलले नाहीत.

पाहुणे गेले त्याच दुपारी आम्ही दोघींनी बरंचसं पाणी आणि दगड उपसून पेटी परसात नेली आणि उकिरड्यावर पालथी केली. वास आला तशी मांजर जवळ आली, हुंगून मागे फिरली.