मशीन कुठपर्यंत आलं?

नवरा गेल्यावर अकोटच्या आमिनाबीनं मळणीचं थ्रेशर विकलं नाही. गोवर्धनला ते चालवायला ठेवलं आणि कोणत्या गावाचा नंबर कधी, हे ती स्वतः ठरवू लागली. २०१८ च्या फेब्रुवारीत मात्र तिचा फोन वाजायचा थांबेना. कपाशी बोंडअळीनं नेलेली, हाती उरला हरभरा, त्यात आभाळ भरून येत होतं. "मशीन निघालं," असं ती सांगायची, पण लोकांना ती थाप वाटायची.

ती अकोल्याला गेली. मशीन कुठं आहे ते मोबाईलवर ठिपक्यानं दाखवणारी जीपीएसची पेटी दुकानदारानं पुढं केली. "ट्रॅक्टरच्या वायरिंगले जोडा, चार्जिंगची कटकट नाही."

"थ्रेशर आज या ट्रॅक्टरमागं, उद्या त्या. मले चुंबकानं चिकटणारं दाखवा. दोन द्या, दोन कंपन्यांच्या सिमवाले. एक वापस आणीन."

दोन्ही पिशवीत टाकून ती एसटीनं अकोटवरून पुढं थेट पोपटखेडच्या धरणाजवळ उतरली आणि घरी फोन लावला. अकोटला घरी तिची मुलगी मिस्बाह मोबाईलवर दोन्ही पेट्यांचे ठिपके बघत बसली होती.

"अम्मी, एक ठिपका अकोटच्या स्टँडवरच अडकला. दुसरा धरणाजवळ हाय."

"मीबी धरणाजवळच हावो," आमिनाबी म्हणाली. धरणापर्यंत रेंज धरणारी पेटी कोणती, ती निवड झाली होती.

तिनं पेटी थ्रेशरला चिकटवली, तसं गोवर्धनचं तोंड उतरलं. "भाबी, माह्यावर पाळत ठेवता काय?"

"तुह्यावर काहून ठेवू? लोक मले झूठी म्हणून राहिले. ज्याचा नंबर, त्याले त्याच्या मोबाईलवर मशीन दिसू दे."

तिसऱ्याच दिवशी, ज्याचा नंबर होता त्या खुशालरावाचा फोन आला. "मशीन दुसऱ्याच्या वावरात पाठवलं ना?"

तिनं वाद घातला नाही, लिंक पाठवली. ठिपका नाल्यात थांबलेला दिसत होता. चाक रुतलं होतं. खुशालराव आपला ट्रॅक्टर घेऊन गेला, गोवर्धनच्या जोडीनं त्यानं थ्रेशर ओढून काढलं आणि दिवस मावळायच्या आत त्याचा हरभरा पोत्यांत गेला.

पहाटे गारपीट झाली. पुढचा नंबर बुधाजीचा होता. कापून रचलेली त्याची हरभऱ्याची गंजी भिजून चिंब झाली. आमिनाबी स्वतः त्याच्या वावरात गेली.

"तुमची काय चूक, भाबी? मशीन कुठं अडकलं ते मी मोबाईलवर पाहूनच राहिलो होतो," बुधाजी म्हणाला.

त्याच्या गंजीतला वाचलेला हरभरा तिनं गोवर्धनसोबत दुपारपर्यंत उन्हात पसरवला.