देशमुखांनी खालून नांगरलेली जमीन

विश्वास कोणावर ठेवावा हो? कागदावर, की माणसाच्या शब्दावर? करा विचार, तोवर चहा येतो.

कोळशाच्या दुकानात कितीही झाडा, कोपऱ्यात चुरा साचतोच. तसे माझ्याकडं किस्से साचलेत. धाड गावात माझा कोळशाचा डेपो आहे. वीटभट्टीवाले येऊन बसतात, एक किस्सा निघाला की त्याला धरून दुसरा निघतो. शाळा म्हणाल तर माझी चौथीपर्यंत. बाकी जे शिकलो ते देशमुखांच्या खाणीवर, मुनीम म्हणून हजेरी लिहिता लिहिता. सरकारनं खाणी ताब्यात घेतल्या त्याला जमाना झाला, पण देशमुखांचा माणूस म्हटलं की आजही मोताळ्यापर्यंत मला कोणी उभं ठेवत नाही, आधी बसायला देतात!

* * *

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस मागा, ज्वारी मागा. कोळसा? चिमूटभर नाही! तरी आमच्या थोरल्या मालकांनी अर्धी जमीन विकून तिकडं वणीकडं, कोळशाच्या मुलखात, खाण घेतली. पारावर एकजण म्हणाला, "देशमुखाइले वरून नांगरून पोट नाही भरलं, आता खालून नांगरून राह्यले!"

मालकांच्या कानावर गेलं. म्हणाले, "त्यालेच पह्यलं घ्या कामाले. नांगरटीतलं कळते त्याले!"

* * *

खाणीवरची माणसंही मालकांनी सालगड्यासारखीच ठेवली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलणी, वर्षाचा ठराव, वर ज्वारी. सगळी टोळी आमच्याच पंचक्रोशीतली. निघायच्या दिवशी गयाबाई ट्रकसमोर आडवी उभी राहिली. तिचे दोन लेक ट्रकमध्ये होते.

"मालक, माहे पोरं तिकडं गाडले गेले तं?"

मालकांनी टोपी काढली. "गयाबाई, जेवढे नेतो तेवढे आणून देतो. नाही आणले तं मीबी गावात पाय नाही ठेवत."

अख्ख्या गावानं ऐकलं. त्या दिवसापासून मालकांचा जीव टांगणीला!

* * *

पेरणी आली तशी टोळी मालकांसकट गावाला. पंप चालवणाराही गेला! परतलो तर खाण पाण्यानं तोंडापर्यंत भरलेली. आमचे नागपूरचे मॅनेजर कपाळाला हात लावून बसलेले. "देशमुखसाहेब, बुडालो आपण!"

मालकांनी वाकून पाहिलं. "आत कोणी माणूस हाये का?"

"कुठला? सगळे तर तुमच्यासोबत होते!"

"मंग काऊन रडता? आमच्याकडं एवढं पाणी लागलं तं पेढे वाटतात!"

पाणी उपसायला महिना गेला. पेढे मात्र त्याच दिवशी वाटले.

* * *

कोळसा काढून झाला की छताला लावलेले लाकडी टेकू काढायचे आणि पुढं वापरायचे, असा मॅनेजरांचा आग्रह. मालक म्हणायचे, राहू द्या. वर आणखी टेकूंसाठी स्वतःच्या बांधावरच्या बाभळी तोडून ट्रकनं मागवल्या.

"साहेब, अशानं धंदा तोट्यात जाईल!"

"आमी शेतकरी हाओत. तोट्याचं आमाले नका शिकवू!"

* * *

पोळ्याला पोरांनी कोळशाचे डबे ओढणारं इंजिन गेरूनं रंगवलं, वर झूल टाकली, घंटा बांधली. नेमके सरकारी इन्स्पेक्टर आले. "ये क्या है?"

मालक म्हणाले, "साहेब, वढते तो बैल. आज त्याले सुट्टी."

साहेबांनी पुरणपोळी खाल्ली, मग बॅटरी घेऊन एकेक टेकू ठोकून पाहिला. शेरा मारायला जागा सापडली नाही!

* * *

आता हा शेवटचा. यात चूक माझी आहे.

आमच्या गावात सालगडी आजारी पडला की भाऊ नाहीतर बायकोचा भाऊ पाठवतो. काम घराचं, नाव कोणाचं का असेना! खाणीवर किसन तापानं फणफणत आला, सोबत साळा सुपडा. "मुनीमजी, याले उतरवा. हजेरी माह्या नावानं लिवा." मी लिहिली.

दुपारी आत एका बाजूचं छत बसलं. माणसं धावत वर आली. मी हजेरीचं बुक उघडून एकेक नाव पुकारलं.

"किसन?"

"हाव!" घोंगडी पांघरून तो सावलीत बसलेला.

नावं जुळली. "मालक, सगळे वर आले!" मालकांनी आभाळाकडं पाहून हात जोडले. तेवढ्यात किसन धडपडत माझ्याजवळ आला. "मुनीमजी, मी वर हाओ, पण माह्या नावाचा खालीच हाये!"

मालकांनी मॅनेजरांच्या हातची बॅटरी ओढून घेतली. मॅनेजर आडवे आले. "साहेब, अजून पडेल वरून!"

"सरका बाजूले!"

तिघांना घेऊन ते उतरले. हातांनी दगड उपसले. वर आले तेव्हा सुपडा मालकांच्या पाठीवर होता. पाय मोडलेला, पण शुद्धीवर. किसनला बघून म्हणाला, "भाऊजी, उद्या तुमचे तुम्ही या!"

हसावं की रडावं कळेना. मालक खाली बसले. काळ्या तोंडात नुसते डोळे दिसत होते. म्हणाले, "बुक आण." वाटलं, गेली आपली नोकरी! त्यांनी किसनचं नाव खोडलं, वर सुपड्याचं लिहिलं, बुक माझ्या हातात दिलं. आणि माझ्यापुढं, चौथी शिकलेल्या मुनीमापुढं, हात जोडले.

"कोयशाचा टन इकडचा तिकडं झाला तं मी सोशीन. पण या बुकाचा हिशेब खरा लिवत जा, बाबा."